रेकॉर्डिंगमागची घूं: नवीन काही विकत घेण्याआधी ती कुठून शिरते ते शोधा

गाणं चांगलं झालंय, तबला नीट वाजलाय, आणि मागे एक घूं अखंड चालू आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ती ऐकू येत नाही, कारण एवढ्या खालचा आवाज त्या इवल्याशा स्पीकरला काढताच येत नाही. मग कुणीतरी तीच फाइल गाडीत किंवा चांगल्या हेडफोनवर ऐकतं आणि विचारतं, "मागे फ्रिज चालू होता का रे?" घरी पॉडकास्ट करणारे, बैठकीचं रेकॉर्डिंग करणारे, ऑनलाइन गाणं शिकवणारे, सगळ्यांच्या वाट्याला हा त्रास कधी ना कधी येतो. एकदा गेला असं वाटलं तरी जागा बदलली, लॅपटॉप बदलला की पुन्हा येतो.

बहुतेक जण यावर उपाय म्हणून काहीतरी विकत घेतात. महागडी केबल, दुसरा माइक, नाहीतर नवा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदारही आनंदाने देईल. पण घूं आत यायच्या वाटा मोजक्याच आहेत, आणि त्यातली तुमची कोणती हे कळल्याशिवाय घेतलेली वस्तू बहुधा कपाटातच जाते. बॅलन्स्ड, गेन, फँटम, ग्राउंड लूप हे शब्द वस्तूंच्या खोक्यांवर नेहमी दिसतात. घूं शोधताना त्यांचा अर्थ आपोआप हाताला लागतो, म्हणून ते तिथे तिथेच सांगतो.

आधी नुसतं ऐका

कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा. माइक जोडलेला, पंखा आणि एसी बंद, कुणी बोलत नाही, अशा शांततेत अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ते आवाज वाढवून ऐका. गोल, खर्जातली, एकाच पट्टीत स्थिर राहणारी घूं असेल तर ती विजेची आहे. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. त्यामुळे घूंमध्ये ५०, १००, १५०, २०० असे स्वर असतात. ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांना यासाठी कुठलंही अ‍ॅप लागत नाही. पेटी नेहमीच्या ४४० च्या ट्यूनिंगची असेल तर पांढरी पाच दाबा. विजेची घूं तिच्यापेक्षा किंचित चढी, पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये कुठेतरी लागते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथली घूं काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये पडते. तिकडे गाण्याचे क्लास घेणाऱ्यांनी तशी तपासावी.

गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ही घूं जास्त छळते त्याचं कारणही इथेच आहे. पांढरी एकचा गायक असेल तर त्याच्या तानपुऱ्याचा पंचम १९६ हर्ट्झच्या आसपास येतो आणि घूंमधला एक स्वर २०० वर असतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार ठोक्यांनी आवाज हेलकावतो. तानपुरा उत्तम जुळलेला असूनही रेकॉर्डिंगमध्ये तो हलतोय असं वाटत राहतं, आणि बिचाऱ्या तानपुऱ्याची जवारी पुन्हा पुन्हा तपासली जाते.

आवाज गोल नसून झर्रर्र असा खरखरीत, कानाला टोचणारा असेल, तर त्यातही मूळ विजेचंच आहे, पण मधे कुणीतरी विजेच्या लाटेचे तुकडे पाडतंय. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातला एलईडी दिवा, नाट्यगृहातले डिमर, इन्व्हर्टर अशी ती मंडळी. माउस हलवला किंवा स्क्रीन वर-खाली केली की बदलणारी बारीक किर्र असेल तर ती लॅपटॉपच्या यूएसबीतून येते. टिकीटिक-टिकीटिक असा ठेका असेल तर जवळच कुणाचा तरी टूजी नेटवर्कवरचा फोन आहे. तो आपलं प्रसारण सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद करतो आणि ते केबल पकडते. फोन दूर ठेवा किंवा फ्लाइट मोडवर टाका, तो विषय तिथेच मिटतो. आणि नुसती सपाट सूं असेल, पावसाच्या दूरच्या सरीसारखी, तर तो विजेचा दोषच नाही. तो गेनचा मामला आहे, त्याकडे शेवटी येतो.

घूं नक्की कुठे आहे?

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि हीच लोक सर्वात जास्त वेळा टाळतात. हेडफोन थेट इंटरफेसला लावा आणि स्पीकर बंद करा. घूं गेली का? गेली, तर तुमचं रेकॉर्डिंग स्वच्छ आहे आणि घूं फक्त स्पीकरच्या जोडणीत आहे. फाइलमध्ये नसलेली घूं काढण्यासाठी लोक माइक बदलत बसतात ते यामुळेच.

हेडफोनमध्येही असेल तर माइकचा गेन पूर्ण खाली आणा. गेन म्हणजे माइकचा अगदी दुबळा संदेश किती पट मोठा करायचा ते ठरवणारा पहिला नॉब. हेडफोनचा आवाज वाढवणारा नॉब वेगळा, त्याचा रेकॉर्डिंगशी संबंध नाही. गेन शून्यावर असतानाही घूं तेवढीच असेल तर ती माइक-केबलच्या पुढे शिरते आहे, म्हणजे अ‍ॅडॅप्टर, यूएसबी किंवा खुद्द यंत्रातून. गेनबरोबर घूंही कमी-जास्त होत असेल तर ती नॉबच्या अलीकडची. मग गेन पुन्हा वर करा आणि माइकच्या बाजूने केबल काढा. त्यानंतर इंटरफेसच्या बाजूने काढा. कोणत्या टप्प्यावर शांतता होते ते लिहून ठेवा. कंडेन्सर, म्हणजे चालायला वीज लागणारा माइक असेल तर काढण्याआधी फँटम (केबलमधून त्याला जाणारी ती वीज, ४८ चं बटण) बंद करून थोडं थांबा, नाहीतर कानात फटाका वाजेल.

शेवटी लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढून बॅटरीवर ऐका. घूं किंवा किर्र तिथेच थांबली तर निम्मं काम झालं. बाकीचं अर्थिंगच्या भागात आहे.

एका वेळी एकच गोष्ट हलवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि घूं गेली, तर ती कशाने गेली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

जाड पिन चुकीच्या जागी

घरगुती रेकॉर्डिंगमध्ये माझ्यासमोर आलेलं सर्वात नेहमीचं कारण सांगतो. कराओकेचा किंवा साधा डायनॅमिक माइक (ज्याला चालायला वीज लागत नाही) विकत घेतला की त्याच्याबरोबर बऱ्याचदा अशी केबल येते की माइकच्या बाजूला तीन पिनांचा एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला ६.३५ मिलिमीटरची जाड पिन, जिला दुकानात पी-३८ म्हणतात. आजकालच्या इंटरफेसचं तोंड असं असतं की त्यात एक्सएलआरही जातो आणि पी-३८ सुद्धा. त्यामुळे पिन आरामात बसते, आवाजही येतो, आणि कुणाला शंका येत नाही.

पण बहुतेक इंटरफेसमध्ये एकाच भोकामागे दोन वेगळे रस्ते असतात. एक्सएलआर घातला तर संदेश माइकच्या प्रीअ‍ॅम्पकडे, म्हणजे दुबळा संदेश मोठा करणाऱ्या भागाकडे जातो. मधल्या भोकात पी-३८ घातली तर तो लाइन किंवा इन्स्ट्रुमेंटच्या रस्त्याने जातो, जिथे कीबोर्ड किंवा गिटारची अपेक्षा असते. फरक केवढा पाहा. व्यावसायिक लाइन लेव्हल १.२३ व्होल्टच्या आसपास असते. शूअरच्या एसएम५८ सारख्या डायनॅमिक माइकसमोर ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगलाच मोठा आवाज केला तरी तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. साडेसहाशे पटींहून जास्त फरक. मग माणूस आवाज येत नाही म्हणून नॉब शेवटपर्यंत फिरवतो, आणि माइकबरोबर घूंही तेवढीच मोठी होते.

त्यात ही केबल अनबॅलन्स्ड असते. मोनो पी-३८ ला दोनच जोड असतात, टोक आणि अंग. टोकावर संदेश, अंगावर त्याच संदेशाची परतीची वाट आणि शिल्ड (वायरीभोवतीची धातूची जाळी) दोन्ही एकच. वाटेत विजेच्या वायरीतून जे काही चिकटतं ते थेट संदेशात मिसळतं, वेगळं काढायला काही सोय नाही. बॅलन्स्ड केबलमध्ये तीन वायरी असतात. एक्सएलआरच्या पिन १ वर शिल्ड, पिन २ वर संदेश, पिन ३ वर तोच संदेश उलटा. पलीकडचं यंत्र या दोघांतला फरक मोजतं. वाटेत लागलेली घूं दोन्ही वायरींवर सारखीच असते, त्यामुळे फरक काढताना ती नाहीशी होते आणि संदेश उरतो. इतकं साधं गणित आहे, आणि त्याच्याच जोरावर सभागृहात माइकपासून मिक्सरपर्यंत पन्नास मीटरची केबल टाकली तरी घूं येत नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंना एक्सएलआर असलेली केबल घ्या. या सगळ्या लेखात मी पैसे खर्च करायला सांगतोय अशी ही जवळपास एकमेव वस्तू, आणि तीही महागडी नको. सोन्याच्या मुलाम्याच्या पिनांनी घूं जात नाही.

केबल बरोबर असूनही घूं असेल तर मल्टिमीटर काढा. एका टोकाची पिन १ दुसऱ्या टोकाच्या पिन १ ला, २ ला २, ३ ला ३, असा बीप यायला हवा आणि आडवा बीप कुठेच नको. शिल्ड तुटली असेल तर घूं येतेच, शिवाय माइकच्या अंगाला हात लावला की ती बदलते. पिन २ किंवा ३ पैकी एक तुटली असेल तर आवाज येतो पण दुबळा, चिरका येतो, आणि बॅलन्स्डचा फायदा संपल्यामुळे मागे घूं. केबल बहुतेकदा टोकाच्या वाकणाऱ्या जागी तुटते, मधे नाही. ते टोक कापून पुन्हा डाग दिला की पुष्कळ वर्षं चालते.

एक प्रकार मात्र केबलने सुटत नाही. डायनॅमिक माइकच्या आत तारेचं वेटोळं असतं आणि ते जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट पकडतं. ओळखायची खूण सोपी: माइक हातात धरून जागच्या जागी फिरवा. दिशेप्रमाणे घूं कमी-जास्त झाली तर तेच कारण. जड, वीट-टाइप अ‍ॅडॅप्टर, अ‍ॅम्प्लिफायर, स्टॅबिलायझर माइकपासून दोन हात लांब सरकवा. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना हे माहीत असतं, सिंगल कॉइलची गिटार घेऊन ते खोलीत घूं कमी होईल तो कोन शोधत फिरतात.

अर्थिंग: खरं दुखणं बहुधा इथेच

लॅपटॉप एका भिंतीच्या सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर, दोन्हींना थ्री पिन. दोघांमध्ये ऑडिओ केबल. म्हणजे दोन यंत्रांची अंगं दोन वाटांनी एकमेकांना जोडली गेली. एक भिंतीतल्या अर्थिंगच्या वायरीतून, दुसरी तुमच्या ऑडिओ केबलच्या शिल्डमधून. हे बंद कडं म्हणजे ग्राउंड लूप. घरातल्या विजेच्या क्षेत्रामुळे आणि निरनिराळ्या उपकरणांतून अर्थिंगकडे झिरपणाऱ्या बारीक प्रवाहांमुळे त्या कड्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो. अनबॅलन्स्ड केबलची शिल्ड हीच संदेशाची परतीची वाट असल्यामुळे तिच्यावर तयार होणारा तो जरासा व्होल्टेज संदेशात मिसळतो आणि स्पीकरमधून घूं होऊन बाहेर पडतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. रेकॉर्डिंगशी संबंधित सगळी यंत्रं एकाच सॉकेटवर, एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. इंटरफेस, लॅपटॉप, स्पीकर यांचा एकूण भार फार नसतो, सहा अँपिअरच्या सॉकेटवर तो सहज बसतो. कडं आकाराने लहान झालं की घूं पुष्कळदा तिथेच जाते. ऑडिओच्या केबली आणि विजेच्या वायरी एकत्र गुंडाळून ठेवू नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

मग लॅपटॉपला आणखी काय काय जोडलंय ते पाहा. एचडीएमआयने टीव्ही जोडलेला असेल आणि टीव्हीच्या सेट टॉप बॉक्समध्ये केबलवाल्याची वायर येत असेल, तर ती वायर इमारतीभर फिरून आलेली असते आणि तिची अर्थिंग तुमच्या घरापेक्षा वेगळी. ती वायर काढून पाहा. लोक इंटरफेसला दोष देतात आणि चोर टीव्हीच्या मागे असतो.

स्पीकरला जोडताना शक्य असेल तर दोन्ही बाजूंना बॅलन्स्ड केबल वापरा, म्हणजे स्टीरिओ पी-३८ किंवा एक्सएलआर. ते शक्य नसेल, मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या ईपी पिनमधूनच आवाज काढायचा असेल, तर मधे ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स घाला. ट्रान्सफॉर्मरमध्ये संदेश चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेतून तार जात नाही, त्यामुळे कडं तुटतं. गाडीच्या टेपसाठी मिळणारे स्वस्त आयसोलेटर घूं घालवतात खरे, पण बरेचदा खर्जही खातात. तबला-पखवाज ऐकायचा असेल तर ते टाळा. कार्यक्रमात कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मिक्सरला जोडायला डीआय बॉक्सच बरा. तो संदेश खाली आणून बॅलन्स्ड करतो, म्हणून त्याचं आउटपुट मिक्सरच्या माइक इनपुटलाच द्यायचं. डीआयवर ग्राउंड लिफ्ट नावाची एक बारकी कळ असते. घूं असेल तर ती दाबून पाहा, नसेल तर सोडून द्या. ती फक्त ऑडिओ केबलची शिल्ड सोडवते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही, म्हणून ती सुरक्षित आहे.

आता जे करू नये ते. थ्री पिनची वरची जाड पिन काढून टाकली, किंवा अर्थ नसलेला टू पिन अ‍ॅडॅप्टर लावला, की घूं जाते. जाते हे खरंच आहे, आणि म्हणूनच मांडवात, सभागृहात, घरात हे सर्रास चालतं. ती पिन इतरांपेक्षा लांब आणि जाड असते ती उगाच नाही. प्लग घालताना सर्वात आधी तिचा संपर्क व्हावा आणि काढताना सर्वात शेवटी सुटावा म्हणून तशी असते. यंत्रात फेज अंगाला लागला तर त्या वाटेने वीज जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. पिन कापली की ती वाट गायकाच्या ओठांतून जाते. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. गणपतीच्या मांडवात माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या की लोक माइकवर फोमची टोपी चढवतात. असं करू नका. आधी सगळं बंद करा आणि वायरमनला बोलवा.

जुन्या वाड्यात, चाळीत, आणि काही नव्या फ्लॅटमध्येसुद्धा सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायर नसते. वायरमन फेज आणि अर्थमध्ये मोजतो तेव्हा २३० च्या आसपास व्होल्टेज आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडा, एक-दोन व्होल्ट दिसायला हवा. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून पाहायची जुनी पद्धतही आहे, पण घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळताच पुरवठा तोडणारा स्विच असेल तर तो लगेच ट्रिप होणार. बिघाड झाला असं समजून घाबरू नका, त्याचं कामच ते आहे. हे काम स्वतः करू नका, वायरमनचं आहे.

अर्थिंगच नसलेल्या घरात आणखी एक गंमत दिसते. टू पिन चार्जरवर चालणाऱ्या धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की हलकी थरथर जाणवते. चार्जरच्या आत गोंगाट दाबण्यासाठी बसवलेल्या छोट्या कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह अंगावर झिरपतो, तो हा. धोक्याइतका तो नसतो, पण माइकच्या साखळीत तो उतरला की घूं नक्की. म्हणून बॅटरीवर चालवल्यावर शांतता होते. तास-दीड तासाचं रेकॉर्डिंग बॅटरीवर सरळ होतं. मोठं असेल तर त्याच कंपनीचा थ्री पिन चार्जर मिळतो का पाहा, अर्थात सॉकेटला खरी अर्थिंग असेल तरच त्याचा उपयोग.

फँटमचा गोंधळ

कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते आणि ती त्याच केबलमधून उलट दिशेने पाठवली जाते. पिन २ आणि ३ या दोन्हींवर ४८ व्होल्ट, परतीची वाट पिन १. म्हणून ती फँटम. डायनॅमिक माइकला दोन्ही बाजूंनी सारखाच व्होल्टेज दिसत असल्याने, केबल ठीक असेल तर, त्याला काही होत नाही. ४८ चं बटण दाबायचं राहिलं की कंडेन्सर जवळजवळ मुका राहतो. माणूस गेन वाढवत जातो आणि त्याला फक्त सूं आणि घूं ऐकू येते. माइक खराब आहे असं ठरवून दुकानात परत करायच्या आधी ते बटण बघा.

उलट केबलची पिन १ खराब असेल तर फँटमची परतीची वाट अडखळते, आणि केबल हलली की कडकड आवाज येतो. घूं घालवण्यासाठी काही साउंडवाले शिल्ड एका टोकाला कापतात. लाइनच्या केबलला ती युक्ती चालते, फँटमवरच्या माइकला अजिबात नाही. तशा कापलेल्या केबलींना रंगीत टेप लावून वेगळं ठेवा. मोबाइल किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा फँटम चालू असलेल्या माइक इनपुटला थेट कधी जोडू नका, त्यांचं आउटपुट जळू शकतं.

इन्व्हर्टर, रेग्युलेटर, डिमर

लोडशेडिंगच्या गावात रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर गुळगुळीत लाट देत नाही, चौकोनी देतो. पंखा त्यावर कुरकुरतो ते तुम्ही ऐकलं असेल. तीच कुरकुर माइकच्या साखळीत येते आणि कुठल्याही केबलने पूर्ण जात नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरची वाट न बघता लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, इंटरफेस यूएसबीवर चालणारा असू द्या, आणि इन्व्हर्टरच बंद करा. भिंतीतली वीजच गेल्यामुळे खोली अचानक इतकी शांत होते की काही लोक मुद्दाम तेव्हाच रेकॉर्ड करतात. नवा इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर साइन वेव्हचा घ्या.

पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर सर्वात जास्त झर्रर्र देतो, कारण लाट मधोमध कापली जाते. पूर्ण वेगावर किंवा बंद असताना तो गप्प असतो. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर याबाबतीत सभ्य. नाट्यगृहात प्रकाशाचे डिमर अर्ध्यावर आले की माइकमध्ये आवाज वाढतो, हे तालमीतच तपासायला हवं: दिवे वर-खाली करायला सांगा आणि हेडफोनवर ऐका. साउंडची वीज आणि लाइटची वीज वेगवेगळ्या फेजवर मागून घ्या. जुनी नाट्यगृहं सांभाळणारे लोक हे मागण्याआधीच देतात.

सूं असेल तर

सपाट सूं गेनची असते. शूअर एसएम७बी सारखा माइक पॉडकास्टवाल्यांनी लोकप्रिय केला, पण तो एसएम५८ पेक्षाही दुबळा संदेश देतो. त्याला ६० डेसिबलच्या आसपास, म्हणजे हजार पट वाढ लागते. स्वस्त इंटरफेस तिथे धापा टाकतो. अशा वेळी सर्वात स्वस्त उपाय म्हणजे माइकच्या जवळ या. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनी वाढतो आणि सूं तेवढीच राहते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरूनच ऐकणाऱ्या माइकच्या फार जवळ गेलं की खर्ज फुगतो हे मात्र लक्षात असू द्या.

दुसऱ्या टोकाला, मीटर शून्याला टेकेपर्यंत गेन चढवायचीही गरज नाही. डिजिटलमध्ये शून्य ही कमाल, त्यावर गेलं की आवाज फाटतो आणि फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वात मोठा आवाज उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. तराणा किंवा द्रुत लयीची तान यायची असेल तर आणखी खाली.

उरलेली घूं सॉफ्टवेअरने

झालेलं रेकॉर्डिंग पुन्हा करता येत नसेल तेव्हाच इकडे या. मूळ वाट तशीच ठेवून सॉफ्टवेअरने घूं काढणं म्हणजे ओल तशीच ठेवून भिंतीला रंग मारणं. ५०, १००, १५० आणि २०० हर्ट्झवर अगदी अरुंद नॉच फिल्टर (तेवढाच स्वर कापणारे) लावा, एकेक करून, आणि प्रत्येकानंतर ऐका. बहुतेकदा १०० आणि १५० वरचे दोनच पुरतात. लोक सवयीने ८० हर्ट्झचा लो कट (त्याखालचं सगळं कापणारा फिल्टर) लावतात. बोलण्याच्या पॉडकास्टला तो चालतो, पण तबला असेल तर डग्ग्याचा घुमारा त्याच भागात असतो आणि तो निघून जातो. पखवाजाचं तर विचारूच नका.

नॉइज रिडक्शनसाठी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची दहा सेकंदांची शांतता नमुना म्हणून लागते. ती नेहमी ठेवत जा, तानपुरा सुरू होण्याच्या आधी. तानपुरा चालू असलेला तुकडा नमुना म्हणून दिलात तर सॉफ्टवेअर घूंबरोबर तानपुराही काढायला लागेल, आणि गायकाचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होईल. मात्रा थोडी ठेवा, ६ ते १० डेसिबल कपात पुष्कळ झाली. गाण्याच्या मागे किंचित घूं राहिली तर श्रोता ती पहिल्या आवर्तनानंतर विसरतो, पण बिघडलेला स्वर विसरत नाही.